कष्टाचा अंदाज

वेल्समधल्या बँगॉर विद्यापीठातले सॅम्युएल मार्कोरा आणि वॉल्टर स्टायानो यांनी २०१० साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. रग्बी खेळणाऱ्या १० तंदुरुस्त तरुणांना त्यांनी प्रयोगशाळेतल्या सायकलवर बसवले आणि पाच सेकंदांत प्रत्येक जण जास्तीत जास्त किती जोर लावू शकतो ते आधी मोजून ठेवले. मग सुमारे २४२ वॉट इतक्या ठरलेल्या जोराने, पाय पुरते थांबेपर्यंत पेडल मारत राहायला सांगितले. जवळपास दहा मिनिटांत एकेक करून सगळे थांबले. आता अजिबात शक्य नाही असे त्यांना वाटत होते आणि ते वाटणे खरेच होते. थांबल्याबरोबर, दम खायलाही उसंत न देता, त्यांना पुन्हा पाच सेकंद सगळी ताकद लावायला सांगितले गेले. सरासरी ७३१ वॉट जोर निघाला. २४२ वॉट पेलवेनात म्हणून जे पाय थांबले होते, त्याच पायांनी पुढच्याच क्षणी त्याच्या तिप्पट जोर काढून दाखवला. ताज्या पायांच्या मानाने हा आकडा कमी होता, म्हणजे स्नायू दमले होते यात शंका नाही. पण थांबण्याचे सगळे कारण स्नायूंत सापडत नव्हते.

या प्रयोगावर आक्षेप घेतले गेले आणि ते विचार करण्याजोगे आहेत. पाच सेकंदांचा झटका आणि दहा मिनिटांचे सातत्य यांना लागणारी ऊर्जा शरीर वेगवेगळ्या मार्गांनी पुरवते. एक जमले म्हणून दुसरेही आणखी वेळ जमले असते, असे सरळ म्हणता येत नाही. दक्षिण आफ्रिकेचे क्रीडाशास्त्रज्ञ टिम नोक्स या प्रयोगाच्या आधीपासून निराळी मांडणी करत होते. शरीराला इजा होऊ नये म्हणून मेंदू आधीच लगाम खेचतो, असे त्यांचे म्हणणे. मार्कोरांना असा वेगळा नियंत्रक मानण्याची गरज वाटत नाही. कष्ट किती होताहेत हे माणसाला जाणवते आणि तेवढे कष्ट करण्याची त्याची तयारी संपली की तो थांबतो, एवढ्यावर ते थांबतात. या दोघांचा वाद अजून मिटलेला नाही. मात्र थांबायचे की चालू राहायचे या निर्णयात कष्टाच्या जाणिवेचा मोठा वाटा असतो, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. मार्कोरांच्याच गटाने २००९ साली १६ जणांना आधी ९० मिनिटे संगणकावर लक्ष एकवटून करायचे कंटाळवाणे काम दिले आणि मग सायकलवर बसवले. दुसऱ्या एका दिवशी त्याच लोकांना तेवढाच वेळ माहितीपट दाखवून सायकलवर बसवले. माहितीपट पाहून आल्यावर ते सरासरी ७५४ सेकंद टिकले, मेंदू शिणल्यावर ६४०. हृदय, फुप्फुसे, रक्तातले लॅक्टेट यांत हा फरक समजावून सांगेल असे काहीच आढळले नाही. बदलली होती ती जाणीव: तेच काम पहिल्या मिनिटापासून जास्त जड वाटत होते.

‘मनाचे बळ’ या शब्दांना इथे मोजता येईल असा अर्थ मिळतो. कष्टाची जाणीव ही ज्ञानेंद्रियांसारखीच तयार करता येते. तिला अचूक करता येते, तिच्यावर विश्वास कधी ठेवायचा आणि कधी नाही हे शिकता येते, आणि ती वाढत असतानाही शांतपणे पुढचा निर्णय घेण्याचा सराव करता येतो. लांब पल्ल्याची ट्रायथलॉन मनाला बळ देते असे म्हणतात तेव्हा ती नेमके हेच देते, असे माझे म्हणणे आहे. दुःख गिळण्याची ताकद हा त्या बळाचा एक भाग आहे, आणि तोही अनेकांना वाटतो त्याहून लहान. मोठा भाग अंदाजाचा आहे. आत्ता किती खर्च करतो आहोत, किती शिल्लक आहे, आणि उरलेल्या अंतराला ते पुरेल का, याचा अंदाज.

हा खेळ यासाठी इतका योग्य का, ते त्याच्या घडणीत पाहावे लागते. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाईच्या ओआहू बेटावर पहिली आयर्नमॅन, म्हणजे लांब पल्ल्याची ट्रायथलॉन, झाली. अमेरिकी नौदलातले अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी यांनी बेटावरच्या तीन स्वतंत्र शर्यती एकामागोमाग एक जोडल्या: वायकिकीचे समुद्रातले पोहणे, बेटाभोवतीची सायकल शर्यत आणि होनोलुलू मॅरेथॉन. आजच्या मापात ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे. १५ जण उतरले, १२ जणांनी शर्यत पुरी केली. गॉर्डन हॉलर पावणेबारा तासांच्या थोडे पुढे जिंकला. सायकलनंतर आघाडीवर असलेला जॉन डनबार अर्ध्या तासाहून अधिक मागे पडला. त्याच्या मदतनिसांजवळचे पाणी संपले होते आणि त्यांनी त्याला बिअर दिली होती. पहिल्याच वर्षी निकाल कशाने फिरला हे लक्षात घेण्यासारखे आहे. डनबारची जिद्द कमी पडली असे कोणी म्हणणार नाही. कमी पडले ते पाणी, आणि ते किती लागेल याचा हिशोब.

शंभर मीटर धावणाऱ्याला जोर किती लावायचा हा प्रश्न नसतो, सगळा लावायचा. दहा किलोमीटरला तो प्रश्न असतो, पण चूक झाली तर शिक्षा काही मिनिटांची. आयर्नमॅनमध्ये साधारण हौशी स्पर्धक १२ ते १७ तास रस्त्यावर असतो, कारण १७ तासांची मुदत आहे आणि बहुतेकांची धडपड त्या मुदतीच्या आतली असते. अभिनेते मिलिंद सोमण यांनी २०१५ साली झुरिकची आयर्नमॅन पुरी केली तेव्हा त्यांना १५ तास १९ मिनिटे लागली होती. वयाच्या पन्नाशीला टेकलेल्या माणसासाठी ही उत्तम कामगिरी होती आणि तिच्यामुळे ‘आयर्नमॅन’ हा शब्द मराठी घरांतही पोचला. इतक्या लांब दिवसात एकही तास असा नसतो की ज्यात पूर्ण ताकद लावावी. ठरावीक पगारात महिना काढणाऱ्या घराला पहिल्या आठवड्यातला खर्च जसा तोलून करावा लागतो, तसे इथे सकाळी नऊचा जोर संध्याकाळी सातला परवडेल का हे पाहावे लागते. त्यात तीन प्रकारांत कष्ट तीन तऱ्हांनी जाणवतात. पाण्यात श्वास अडखळतो आणि तीच थकव्याची खूण वाटते. सायकलवर पाय ताजे वाटतात आणि फसवतात. वारा पाठीशी असेल तर आणखी फसवतात. सायकलवरून उतरून धावायला लागले की पहिली दोन-तीन किलोमीटर पाय आपले वाटत नाहीत. सायकलनंतर लगेच धावण्याचा जो सराव करतात, ज्याला ट्रायथलीट ‘ब्रिक’ म्हणतात, त्याचा अर्धा उपयोग स्नायूंना आणि अर्धा या जाणिवेला ओळख करून देण्यासाठी असतो: हे जड वाटणे काही वेळाने ओसरते, ते खरे संकट नाही.

सर्वसामान्य माणसाच्या मनात मात्र या खेळाचे वेगळेच चित्र आहे आणि ते १९८२ साली तयार झाले. त्या फेब्रुवारीत हवाईच्या आयर्नमॅनमध्ये महाविद्यालयीन विद्यार्थिनी ज्युली मॉस महिलांत आघाडीवर होती. शेवटची रेषा काही मीटरांवर असताना ती कोसळली, उठली, पुन्हा कोसळली. कॅथलीन मॅकार्टनी तिला मागे टाकून गेली आणि मॉसने उरलेले अंतर रांगत पार केले. दोघींमध्ये २९ सेकंदांचा फरक राहिला. अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीवर हे दृश्य दाखवले गेले आणि हजारो लोकांनी त्यानंतर या खेळाकडे पाहिले. तिच्या निग्रहाचे मोल कमी करण्याचा प्रश्नच येत नाही. पण त्या दृश्यातून एक चुकीचा धडा पसरला की मनाचे बळ म्हणजे शरीर नाही म्हणत असताना त्याला ओढत नेणे. १९९५ साली या धड्याची दुसरी बाजू दिसली. पॉला न्यूबी-फ्रेझर ही या शर्यतीच्या इतिहासातली सर्वांत यशस्वी स्त्री, एकूण आठ विजयांची मानकरी. त्या वर्षी सायकल संपली तेव्हा ती कॅरन स्मायर्सच्या कितीतरी मिनिटे पुढे होती. शेवटच्या टप्प्यात स्मायर्स जवळ येऊ लागली तशी तिने पाणी आणि खाणे देणाऱ्या ठाण्यांवर थांबणे टाळले. शेवटची रेषा काहीशे मीटरांवर असताना ती कोसळली, बराच वेळ रस्त्यावर बसून-पडून राहिली आणि अखेर अनवाणी चालत चौथ्या क्रमांकावर पोचली. सात वेळा जिंकलेल्या खेळाडूकडे सहनशक्ती नव्हती असे कोण म्हणेल? त्या दिवशी चुकला तो एक निर्णय, तोही घाबरण्याच्या क्षणी घेतलेला.

विल्यम मॉर्गन आणि मायकेल पोलॉक यांनी १९७७ साली श्रेष्ठ मॅरेथॉन धावपटूंचा मानसशास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला, तो या मुद्द्याला थेट भिडतो. वेदना विसरण्यासाठी हे धावपटू मन दुसरीकडे गुंतवत असतील, मनातल्या मनात गाणी म्हणत असतील, जुन्या आठवणी काढत असतील, अशी संशोधकांची अपेक्षा होती. साधारण धावपटू तसे करतही होते. पण वरच्या दर्जाचे धावपटू उलट करत होते. श्वास कसा चालला आहे, पोटऱ्या किती ताठल्या आहेत, खांदे वर गेलेत का, वेग ठरल्याप्रमाणे आहे का, याकडे त्यांचे लक्ष सतत फिरत होते. पुढच्या संशोधनाने या चित्रात बारकावे भरले. श्रेष्ठ खेळाडूही काही वेळ मन बाहेर सोडतात, आणि शरीराकडे फार ताणून पाहिले तर कष्ट उलट जास्त वाटतात. तरी मूळ निरीक्षण टिकले. अनुभवी माणूस वेदनेकडे पाठ फिरवत नाही, तो तिच्यातून माहिती काढतो.

इस्रायलमधल्या तेल अवीव विद्यापीठातल्या निरित गेव्हा आणि रूथ डेफ्रिन यांनी २०१३ साली ट्रायथलीट आणि फक्त हौसेने व्यायाम करणारे लोक यांची वेदनेच्या चाचण्यांत तुलना केली. वेदना सुरू होण्याचा बिंदू दोन्ही गटांत सारखाच होता, म्हणजे ट्रायथलीटची त्वचा किंवा नसा बधिर झालेल्या नव्हत्या. फरक त्यानंतर पडत होता. ते ती वेदना जास्त वेळ सोसत, तिला कमी गुण देत, तिची भीती कमी बाळगत, आणि एका ठिकाणच्या वेदनेने दुसरी वेदना दाबण्याची मज्जासंस्थेची जी सोय आहे ती त्यांच्यात अधिक चांगली चालत होती. मला यातली भीतीची बाब सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्याला वेदनेची भीती वाटते तो तिला लवकर मान तुकवतो किंवा तिच्याशी आंधळेपणाने झुंजतो. दोन्हींत विचाराला जागा उरत नाही. भीती कमी झाली की विचार करायला अवकाश मिळतो, आणि न्यूबी-फ्रेझरला शेवटच्या काही किलोमीटरांत नेमका तोच मिळाला नव्हता.

इथे एक आक्षेप येतोच आणि तो टाळता येणार नाही. ट्रायथलीट कणखर असतात हे मान्य केले तरी खेळाने त्यांना कणखर केले, की मुळात कणखर असलेलेच या खेळाकडे वळले? गेव्हा आणि डेफ्रिन यांचा अभ्यास याचे उत्तर देऊ शकत नाही, कारण तो एकाच वेळी दोन गटांकडे पाहतो. उत्तरासाठी सामान्य माणसांना प्रशिक्षण देऊन आधी आणि नंतर मोजावे लागते. असे दोन अभ्यास हाताशी आहेत. ऑस्ट्रेलियात मॅथ्यू जोन्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली १२ निरोगी लोकांना सहा आठवडे सायकलचा व्यायाम दिला आणि १२ जणांना नेहमीसारखे राहू दिले. व्यायाम करणाऱ्यांची वेदना सोसण्याची क्षमता वाढली. वेदना जाणवण्याचा बिंदू मात्र जिथल्या तिथे राहिला. ट्रायथलीटमध्ये दिसला तोच नमुना. दुसरा अभ्यास इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड ब्रुक्स विद्यापीठातल्या थॉमस ओलेरी आणि सहकाऱ्यांचा, २०१७ सालचा. त्यांनी एका गटाला तीव्र इंटर्व्हल, म्हणजे मध्ये विसावा घेत केलेले जोराचे टप्पे, आणि दुसऱ्याला तेवढ्याच एकूण कामाचा, पण मध्यम गतीचा सलग व्यायाम दिला. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांची तंदुरुस्ती जवळपास सारखी वाढली, तरी वेदना सोसण्याची क्षमता फक्त इंटर्व्हल करणाऱ्यांची वाढली. हृदय आणि फुप्फुसे सुधारली म्हणून मन आपोआप सुधारत नाही, असा याचा अर्थ होतो. कष्टाच्या वरच्या पातळीला जाऊन परत येण्याचा सराव वेगळा करावा लागतो, आणि तो केला तर फरक पडतो. निवडीचा आक्षेप याने पूर्ण पुसला जात नाही. सहा आठवडे म्हणजे वर्षानुवर्षांचा सराव नव्हे, आणि मुळातली प्रकृती आपले काम करतच असते. पण कणखरपणा जन्मजातच असतो, हे टोकाचे मत या पुराव्यापुढे उभे राहत नाही.

शब्दांचाही उपयोग होतो. अँथनी ब्लँचफिल्ड, मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली २४ जणांवर केलेल्या प्रयोगात एका गटाला स्वतःशी बोलण्याची वाक्ये निवडायला आणि दोन आठवडे व्यायाम करताना वापरायला शिकवले. शेवटच्या चाचणीत हा गट आधीपेक्षा सुमारे १८ टक्के जास्त वेळ टिकला, आणि अर्ध्या वाटेवर त्याला कष्टही कमी वाटले. दुसरा गट होता तिथेच राहिला. इथे कोणताही मंत्र नाही. वाक्ये प्रत्येकाने स्वतः निवडली होती आणि चाचणीच्या सुरुवातीला कोणते, शेवटी कोणते, हे ठरवून सराव केला होता. ऐनवेळी स्वतःला ओरडून सांगणे आणि सरावातून बसलेले वाक्य आपोआप ओठांवर येणे, यांत फार अंतर आहे.

पण मनाच्या गोष्टी बोलताना पोट विसरले की सगळा विचार हवेत जातो. शरीरात साठवलेल्या कर्बोदकांतून साधारण दोन हजार किलोकॅलरी मिळतात. पूर्ण आयर्नमॅनला त्याच्या कितीतरी पट खर्च होतात. चरबी भरपूर असते, पण ती संथपणे जळते. म्हणून तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत असा साधारण नियम आहे आणि एवढे खाणे धावताना पचवण्याचा सरावही महिनोन्‌महिने करावा लागतो. साखर कमी पडली की, ट्रायथलीटांच्या बोलीत ‘बाँक’ झाला की, पहिला फटका मनाला बसतो: चिडचिड, निराशा, हे सगळे कशासाठी असा प्रश्न. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या चेंबर्स, ब्रिज आणि जोन्स यांनी २००९ साली दाखवले की साखरेच्या पाण्याची केवळ चूळ भरून ते थुंकून टाकले तरी सुमारे तासाभराच्या सायकल चाचणीत वेळ दोन-तीन टक्क्यांनी सुधारते, आणि मेंदूच्या प्रतिमांत प्रेरणेशी संबंधित भाग त्या चवीने उजळतात. म्हणून तिसाव्या किलोमीटरला आपण खचलो असे वाटणारा माणूस बहुतेक वेळा खचलेला नसतो, भुकेला असतो. हे त्या क्षणी ओळखून, आपल्या चारित्र्याविषयी निष्कर्ष न काढता खिशातले जेल काढून खाणे, हीच त्या वेळची खरी मानसिक ताकद.

मार्क ॲलनची कारकीर्द या दृष्टीने वाचली की तिचा वेगळाच अर्थ लागतो. ज्युली मॉसला दूरचित्रवाणीवर पाहून तो या खेळाकडे वळला आणि हवाईतल्या कोना इथे होणाऱ्या आयर्नमॅनमध्ये सहा वेळा हरला. त्यातल्या बहुतेक वेळा जिंकणारा होता डेव्ह स्कॉट. १९८९ साली ॲलनने शर्यतीचा बहुतेक काळ स्कॉटच्या शेजारीच काढला. पोहणे, सायकल आणि मॅरेथॉनचा बराच भाग दोघे जवळजवळ एकत्र होते आणि शेवटची तीन-एक किलोमीटर राहिली असताना एका चढावर ॲलन सुटला. तो ८ तास ९ मिनिटे १५ सेकंदांत आला, स्कॉट त्याच्या ५८ सेकंद मागे. ही शर्यत इच्छाशक्तीची लढाई म्हणून सांगितली जाते. मला त्यात आठ तास टिकवलेला संयम दिसतो. हा संयम घडण्याची एक जागा ॲलनने स्वतः लिहून ठेवली आहे. ऐंशीच्या दशकात प्रशिक्षक फिल मॅफेटोन यांच्या सल्ल्याने त्याने हृदयाचे ठोके मिनिटाला १५५ च्या वर जाऊ न देता धावायचे ठरवले. त्या बंधनात त्याला किलोमीटरला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागू लागला, म्हणजे त्याच्या दर्जाच्या धावपटूला लाज वाटावी इतका. साधारण वर्षभर तो ते पाळत राहिला आणि त्याच ठोक्यांना किलोमीटर ३ मिनिटे २० सेकंदांच्या आसपास येऊ लागला. बाजूने साधे धावपटू पुढे जात असताना सावकाश धावत राहायला जो निग्रह लागतो, तो शर्यतीतल्या निग्रहाहून निराळा नाही. फक्त तो पाहायला कोणी नसते.

म्हणूनच मनाचे प्रशिक्षण शर्यतीच्या दिवशी होते ही समजूत मला पटत नाही. शर्यत ही परीक्षा. शिकणे होते ते जून-जुलैच्या पावसात घरात टर्बो ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालणाऱ्या सायकलवर, तीन तास घालवताना, रविवारच्या लाँग राइडला पाचव्या तासात आज ठरलेल्याच वॉटवर राहायचे असे ठरवताना, आणि थकव्याच्या आठवड्यात एक सत्र मुद्दाम सोडून देताना. शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. अतिप्रशिक्षणावर युरोप आणि अमेरिकेतल्या क्रीडाशास्त्र संस्थांनी २०१३ साली संयुक्त निवेदन काढले. त्यात थकव्याबरोबर मनःस्थितीतल्या बिघाडाचाही विचार केला आहे, आणि पुरेशी विश्रांती न घेतलेल्या खेळाडूला सावरायला महिने लागू शकतात असे म्हटले आहे. जो माणूस विश्रांतीला दुबळेपणा समजतो त्याचा अंदाज बिघडलेला आहे, मग तो आठवड्याला कितीही तास करत असो.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. सायकलवर मिळवलेला हा शहाणपणा नोकरीत, परीक्षेत, घरातल्या आजारपणात उपयोगी पडतो का? पडतो असे सर्रास सांगितले जाते. प्रशिक्षक सांगतात, कंपन्यांतले व्याख्याते सांगतात. पुरावा त्यांच्या सुरात सूर मिसळत नाही. एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ यांनी १९०१ सालीच दाखवले होते की एका कामातला सराव दुसऱ्या कामात फारच थोडा उतरतो, आणि तोही दोन्ही कामांत जेवढे साम्य असेल तेवढाच. २००६ साली ऑस्ट्रेलियात मेगन ओटन आणि केन चेंग यांनी दोन महिन्यांच्या व्यायामाच्या कार्यक्रमानंतर लोकांचा स्वतःवरचा ताबा इतर बाबतींतही सुधारल्याचे नोंदवले होते: सिगारेट कमी, अरबट-चरबट खाणे कमी, अभ्यास जास्त. ही आशा वाढवणारी गोष्ट होती. पण इच्छाशक्ती स्नायूसारखी थकते ही कल्पना, ज्या विचारपरंपरेतून हा अभ्यास आला तिचा तो पाया, २०१६ साली २३ प्रयोगशाळांनी मिळून तपासली तेव्हा परिणाम जवळपास शून्य निघाला. मग प्रामाणिकपणे काय म्हणता येते? आपोआप काही उतरत नाही, हे. उतरते ती पद्धत, आणि तीही जाणीवपूर्वक उचलून दुसरीकडे नेली तर. मोठ्या कामाचे तुकडे करणे, निराशा ही भुकेची किंवा झोपेच्या अभावाची खूण असू शकते हे तपासणे, घाबरलेल्या क्षणी योजना न बदलणे. ज्याने हे रस्त्यावर शेकडो वेळा केले आहे त्याला ते इतरत्र करणे थोडे सोपे जाईल, असे मला वाटते. त्याहून मोठा दावा मी करणार नाही.

तिसरा आक्षेप जिवाचा आहे. केविन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली अमेरिकेतल्या ट्रायथलॉन शर्यतींचा १९८५ ते २०१६ या काळातला आढावा घेतला. अचानक मृत्यू, हृदय बंद पडणे आणि जीवघेण्या इजा यांची १३५ प्रकरणे सापडली. लाखामागे सुमारे पावणेदोन. त्यातली ९० पोहण्याच्या टप्प्यातली होती आणि बळी बहुतांशी पुरुष, वाढत्या वयाबरोबर जास्त. दुसरीकडे १९९७ च्या न्यूझीलंड आयर्नमॅनमध्ये शर्यत पुरी करणाऱ्या ३३० जणांचे रक्त तपासले तेव्हा ५८ जणांच्या रक्तात सोडियम धोक्याच्या रेषेखाली होते, आणि त्यामागचे मुख्य कारण गरजेपेक्षा जास्त पाणी पिणे हे होते. ‘हार मानायची नाही’ असे ज्यांना शिकवले आहे त्यांच्यासाठी हे आकडे धोकादायक आहेत, कारण छातीतला दाब, पाण्यातली धाप, डोक्यातला गोंधळ या सगळ्यांना ते मनाची कमजोरी समजतील. म्हणून शर्यत सोडण्याचा, डीएनएफ घेण्याचा निर्णय मनाच्या प्रशिक्षणाबाहेर ठेवता येत नाही. कोणती लक्षणे दिसली तर थांबायचे हे आदल्या आठवड्यात, शांत डोक्याने, कागदावर लिहून ठेवायचे असते. चाळिशीनंतर या खेळाकडे वळणाऱ्याने हृदयाची तपासणी करून घेणे हाही त्याच प्रशिक्षणाचा भाग.

२०१९ च्या ऑक्टोबरात गोव्यात पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर आयर्नमॅन ७०.३ ही अर्ध्या अंतराची शर्यत पहिल्यांदा झाली: १.९ किलोमीटर समुद्रात, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणे. तोवर आयर्नमॅनच्या शर्यतीसाठी परदेशात जावे लागे. पुण्याचे कौस्तुभ राडकर विसाहून अधिक पूर्ण आयर्नमॅन करून आले ते सारे देशाबाहेरच. गोव्यामुळे पुणे, मुंबई, कोल्हापूर, नाशिककडच्या नोकरदार माणसांना हे अंतर आवाक्यात आले. आवाक्यात म्हणताना सायकलचा खर्च आणि आठवड्याचे दहा-बारा तास विसरू नयेत. ते तास कोणाच्या तरी घरकामातून किंवा झोपेतून येतात, आणि त्यांचा हिशोब घरच्यांशी बसून करणेही या अंदाजाचाच भाग आहे. गोव्याची खरी परीक्षा उकाड्याची. रॉस टकर आणि नोक्स यांच्या २००४ च्या प्रयोगात सायकलपटूंनी ३५ अंश तापमानात २० किलोमीटरची चाचणी दिली तेव्हा त्यांचा जोर लवकरच कमी होऊ लागला, आणि तेव्हा शरीराचे तापमान १५ अंशांतल्या चाचणीइतकेच होते. शरीर पुढचे संकट ओळखून आधीच सावरत होते. पाचगणीच्या थंड हवेत बांधलेला वेग मिरामारला तसाच मागणारा माणूस या सावधपणाला आळस समजतो आणि धावण्याच्या दुसऱ्या फेरीत त्याची किंमत मोजतो.

मग सराव कसा करावा? स्वीडनचे गुन्नर बोर्ग यांनी कष्टाच्या जाणिवेसाठी ६ ते २० अशी एक पट्टी तयार केली. दहाने गुणले की निरोगी तरुणाचे हृदयाचे ठोके साधारण मिळावेत अशी तिची रचना आहे. दर लाँग राइडला आणि दर लांब धावेला अर्ध्या-अर्ध्या तासाने घड्याळ न पाहता या पट्टीवर स्वतःला आकडा द्यावा, ठोके किती असतील, वॉट किती असतील याचा अंदाज मनात ठरवावा आणि मगच घड्याळ पाहावे. घरी आल्यावर अंदाज, खरा आकडा, शेवटचे खाणे किती वाजता झाले होते आणि ऊन किती होते हे एका ओळीत लिहून ठेवावे. चार-सहा महिन्यांत कुठे चूक होते ते दिसू लागते: कोणाची उकाड्यात, कोणाची सकाळच्या पहिल्या तासात, कोणाची तिसऱ्या तासानंतर जेवण चुकले की. ती जागा सापडली की प्रशिक्षकाने पुढच्या आठवड्यांची सत्रे तिच्याभोवती बांधावीत, आणि शर्यतीच्या योजनेत त्या टप्प्यासाठी घड्याळावर जास्त व मनावर कमी भरवसा ठेवावा.